चोपन्न बटणांचं कुंकू

खंडेनवमीच्या सकाळी गंगाधररावांनी नेटवर्क अ‍ॅनालायझरच्या एकूण एक बटणाला कुंकू लावायचं ठरवलं. म्हैसूरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होते आणि यंत्रांची पूजा दरवर्षी तेच करत. गेल्या वर्षी त्यांनी या यंत्राच्या फक्त कपाळावरच्या एका बटणाला बोट लावलं होतं, आणि दिवाळीच्या आत त्याचा पंखा जळाला.

"बाकीच्यांना राग आला," ते म्हणाले. "एकाला लावायचं आणि त्रेपन्न जणांना सुम्ने, नुसतं बसवून ठेवायचं. कसं चालेल?"

"हौदु, खरंय राव," गौराबाई म्हणाल्या. प्रयोगशाळा त्या झाडायच्या, पूजेची शेवंतीही त्याच आणायच्या. "पंगतीत एक पान राहिलं तर यजमानाला दोष."

नेटवर्क अ‍ॅनालायझर हे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. मडकं विकत घेताना आपण टिचकी मारतो आणि आवाजावरून ओळखतो, पक्कं आहे की तडकलंय. हे यंत्र तेच करतं. टिचकी विजेच्या लहरीची असते, आणि परत आलेला आवाज पडद्यावर रेघ होऊन उमटतो. मात्र तराजूसारखा त्याचाही काटा आधी शून्यावर आणावा लागतो. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात.

वेदवतीनं त्यात दोन दिवस घातले होते. ही गंगाधररावांची भाची. ती त्याच कॉलेजात शिकवायची आणि स्वतःचा प्रबंधही लिहायची. एकादशीला तिचे मार्गदर्शक चिदंबर सर बेंगळूरहून येऊन तिनं बनवलेला, नको त्या लहरी अडवणारा फिल्टर तपासणार होते. मापं जुळली तर प्रबंध पुढे जाणार, नाहीतर आणखी एक वर्ष. कॅलिब्रेशनला लागणाऱ्या चिमुकल्या टोप्यांची पेटी सरांचीच, उसनी आणलेली. काम होताच परत पाठवायला तिनं ती मामांकडे दिली, शून्यावर आणलेला काटा यंत्राच्या पहिल्या कप्प्यात साठवला, आणि 'यंत्र बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवून ती घरी गेली.

गंगाधररावांनी चिठ्ठी वाचली, मान डोलावली, आणि यंत्र बंद केलं नाही.

कामाची वाटणी झाली. उजवीकडची बटणं त्यांची, पडद्याला लागून असलेली आठ गौराबाईंची. या आठांवर नाव नसतं. ती वाढप्यांसारखी. उजवीकडचं बटण जो मेनू सांगेल, तेच पदार्थ पानात पडायचे.

गंगाधररावांचं पहिलं बोट 'प्रीसेट'वर टेकलं. या बटणानं यंत्र केलेलं सगळं विसरतं. पडद्यावरची रेघ गेली, पण रावांचा चष्मा जवळचा आणि लक्ष कुंकवाच्या गोलाईकडे. पुढचं बोट 'फॉर्मॅट'वर. देवाची पूजा पायापासून म्हणून गौराबाई खालून वर चढत होत्या. नेमक्या त्याच वेळी त्या चौथ्या बटणावर पोचल्या. पडद्यावर वर्तुळात वर्तुळं उमटली.

"अय्यो राव, चक्र आलं बघा."

तो स्मिथ चार्ट नावाचा आलेख होता. रावांनी तो हजारदा पाहिला होता, पण नवमीच्या दिवशी, कुंकू लागताच, न बोलावता आलेला कधीच नाही. त्यांनी हात जोडले. त्याच भरात त्यांचं बोट 'सेव्ह'वर पडलं आणि गौराबाईंचं सगळ्यात वरच्या बटणावर. चक्र पहिल्या कप्प्यात जाऊन बसलं. वेदवतीचं दोन दिवसांचं काम त्या कप्प्यातून बाहेर पडलं.

दहा वाजता वेदवती आली. तिनं पडदा पाहिला, पहिला कप्पा उघडला, पुन्हा उघडला, आणि स्टुलावर बसली.

"सर, यंत्राला कुणी हात लावला?"

लॅबमध्येसुद्धा ती त्यांना मामाच म्हणायची. सर म्हणाली की समजावं, भडकली आहे.

"हात नाही, बोट," राव म्हणाले. "बंद कुठे केलं? चिठ्ठीत काय लिहिलंय बघ."

"बटणं दाबू नका असं लिहायला हवं होतं का मी?"

"दाबली नाहीत गं. कुंकू लावलं."

"चोपन्न बटणांना?"

"छप्पन्न," गौराबाई म्हणाल्या. "दोन छोटी मागे पण होती."

वेदवतीनं बेंगळूरला फोन लावला. घंटा वाजत राहिली; दसऱ्याची सुट्टी. "ती पेटी असती तर पुन्हा कॅलिब्रेशन केलं असतं," ती म्हणाली. "आता सरांना काय दाखवू? हे चक्र? एक वर्ष गेलं, मामा."

ती मामा म्हणाली तेव्हा गंगाधररावांना जास्त वाईट वाटलं.

"वेदा, तू ओरडणार नसशील तर सांगतो. पेटी मी पाठवली नाही."

"तुम्ही तर म्हणालात काम झालं."

"होणारच होतं की, दशमीनंतर. नवमी तोंडावर आली, आणि हत्यार पूजेविना घराबाहेर धाडायचं? आमचे आज्जा रंगारी. या दिवसांत लाकडाचा एक ठसासुद्धा सख्ख्या भावाला दिला नाही त्यांनी." त्यांनी शेवंतीचा ढीग बाजूला केला. खाली पेटी होती. "कुंकू वरूनच लावलंय. आत नाही. तेवढं कळतं मला."

वेदवतीनं झडप घातली. गौराबाईंनी तिचा हात धरला.

"बेड, नको अम्मा. पूजेत बसलेलं आज उचलायचं नाही. उद्या."

"गौराबाई, माझा प्रबंध आहे."

"त्याचंच सांगते. गेल्या वर्षीचा पंखा आठव."

दशमीच्या दुपारी सगळं गाव जंबूसवारी, ती हत्तीवरची मिरवणूक, बघायला रस्त्यावर होतं. गंगाधररावांची मिरवणूक जन्मात पहिल्यांदा चुकली. त्यांनी सकाळी उत्तरपूजा उरकली, कापसानं बटणं पुसली, आणि मग एकेक टोपी भाचीच्या हातात देत राहिले. बन्नीमंटपाकडे निघालेले नगारे ऐकू येईनासे झाले तेव्हा, दोन दिवसांचं काम सरावानं एका दिवसात उरकून, काटा शून्यावर आला. वेदवतीनं तो पाच कप्प्यांत साठवला.

एकादशीला मापं जुळली. चिदंबर सर खूश झाले. पेटीवरचं कुंकू बघून ते म्हणाले, "बरं झालं, पूजा झाली हिची. आमच्याकडे यंदा राहिलीच." मग सवयीनं त्यांचं बोट 'प्रीसेट'कडे गेलं आणि हवेतच थांबलं. त्या एकाच बटणावर लालभडक कुंकू होतं. सरांनी हात मागे घेतला आणि नकळत नमस्कार केला.

सर गेल्यावर गंगाधरराव ओशाळून म्हणाले, "एक पुसायचं राहिलं वाटतं, वेदा."

"राहिलं नाही, मामा. काल मी लावलं." ती पेटी बांधत होती. "यंत्र बंद करून."