मेण लावायचं राहिलं

ओरिन टॉलेसनने पाकीट फोडलं, पत्र वाचलं आणि विजेचं बिल आल्यासारखं बायकोपुढे सरकवलं. डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना निघाला होता. तेवीस वर्षं तो या सोडतीत अर्ज भरत होता. परवाना निघाला बायकोच्या, लव्हॉनच्या नावावर.

बायकोच्या नावाने दुसरा अर्ज टाकायचा, ही आमच्या आयडाहोतल्या झाडून सगळ्या नवऱ्यांची हुशारी. नशिबाला दोन दारं ठेवायची. त्या दुसऱ्या दाराने नशीब खरंच आत आलं तर काय, याचा विचार एकाही शहाण्याने केलेला नसतो.

"नाव बदलून मिळत नाही," ओरिन म्हणाला.

"बदलायचंय कुणाला?" शाळेत दोनशे पोरांचं जेवण रांधून आलेली लव्हॉन टेबलाखाली पाय ताणून बसली होती. "मेंढा आयुष्यात एकदाच मिळतो. मी जाणार. बाबांची रायफल आहे माझ्याकडे."

"साडेनऊ पौंडांचं लोढणं ते. दहा हजार फुटांवर जीभ बाहेर येईल तुझी. मी हलकी बांधून देतो. सहाशे डॉलरांत."

हे मात्र त्याला जमण्यासारखं होतं. आमच्याकडे जमिनीचा दलाल बेसिंगर पाच हजारांची हलकी रायफल मिरवतो. ती डोंगरात जेवढी गेली त्याच्या दहापट कॅफेत गेली. हलकेपणा विकत आणणारे पैशाला पासरी मिळतात, घडवणारा एखादाच. ओरिनने गहाणाच्या दुकानातून एक जुनी रायफल उचलली, नळी चार इंच कापून घेतली, लाकडी दस्ता आतून भोपळ्यासारखा पोखरला आणि लहानशी दुर्बीण बसवली. शाळेच्या वजनकाट्यावर ठेवली तर साडेपाच पौंड.

फक्त ती नेम धरत नव्हती. शंभर यार्डांवर तीन गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या.

"पोखरलेल्या लाकडात लोखंड हलतंय," बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा होबार्ट म्हणाला. "खाली एपॉक्सीचा गोंद भर, घट्ट बसेल. पण आधी लोखंडाला मेण फास, नाहीतर दोन्ही कायमचं चिकटेल."

"चाळीस वर्षं बंदुका हाताळतोय. मला मेण शिकवतोस?"

ओरिनने एपॉक्सी मन लावून कालवलं, बुडबुडे टाचणीने फोडले, सांडलेलं पुसून काढलं. मेणाचा डबा मात्र झाकणसुद्धा न उघडता तिथेच बसून होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्क्रू काढले. रायफल जागची हलली नाही. लाकडी हातोडा चालवला. नाही. थंडीने लोखंड आकसतं म्हणून ती फ्रीजरमध्ये ठेवली. संध्याकाळी लव्हॉन चर्चसाठीचा केक काढायला गेली तर जांभळांच्या पिशव्यांमधून नळी तिच्याकडे पाहत होती.

"बाबांची रायफल असली अंगाला चिकटत नाही," ती म्हणाली आणि केक घेऊन निघून गेली.

होबार्टने रायफल उलटीपालटी केली. "तापवली तर सुटेल. पण तू हा दस्ता इतका पोखरलायस की आधी तोच जळेल."

शिकारीचा मोसम आठ दिवसांवर होता आणि खिशात सहाशेतले अकरा उरले होते. घरी लव्हॉनने रायफल खांद्याला लावली. तिचं बोट चापापर्यंत पोचेना. तिने ती खाली घेतली, नवऱ्याकडे पाहिलं.

"ओरिन, हा दस्ता कुणाच्या हाताच्या मापाचा आहे?"

ओरिन खिडकीबाहेर पाहायला लागला. बाहेर काहीच नव्हतं.

"म्हणजे मेंढा माझा आणि नंतर जन्मभर रायफल तुझी."

"तसं नाही गं. दस्ता बदलता येतो, म्हणून..."

"आता येतो?"

तिने अवजारांच्या खोलीतून करवत आणली, माप घेतलं आणि दस्त्याचे सव्वादोन इंच उडवले. बाई रोज पन्नास पौंड बटाटे चिरते. रेघ सरळ गेली. मग दोघं नेमबाजीच्या मैदानावर गेले. तिने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली जात होती. एपॉक्सीने लोखंड आणि लाकूड असं एकजीव झालं होतं की हलायला जागाच नव्हती. बेसिंगर शेजारीच उभा होता. त्याने आपली पाच हजारांची रायफल गुपचूप पेटीत घातली.

ओरिनची छाती फुगली. "बघ, म्हणालो नव्हतो? दे इकडे."

"तुला आखूड होईल."

"माझ्या हातची आहे ती."

आखूड दस्ता, हलकी रायफल, लांब मानेचा माणूस. त्याने चाप ओढला आणि धक्क्याने दुर्बीण थेट भुवईवर आदळली. चार टाके पडले आणि उजवा डोळा सुजून बंद झाला. डाव्यात आधीपासूनच मोतीबिंदू होता.

आठव्या दिवशी ओरिन पाठीवर रिकामी पडशी घेऊन बायकोच्या जाकिटाचं टोक धरून डोंगर चढला. तिथे तीनशे यार्डांवर, राखाडी खडकांत, राखाडी मेंढा उभा होता असं ती म्हणाली. त्याला सगळंच राखाडी दिसत होतं. तेवीस वर्षं ज्या गोळीची वाट पाहिली, ती त्याला नुसती ऐकू आली. एकच.

"लागली?"

"पडला."

ऐंशी पौंड मांस पाठीवर घेऊन तो उतरत होता. लव्हॉन पुढे, साडेपाच पौंडांहूनही हलकी झालेली रायफल खांद्याला अडकवून.

"उभा कसा होता तो?" ओरिनने विचारलं.

"तीनदा सांगितलं."

"शिंगांपासून सांग."

लव्हॉन थांबली, त्याला एक दगड चुकवू दिला आणि शिंगांपासून सांगायला लागली.