कप्पा रिकामा होईपर्यंत

मांस, मासळी, अंडी आणि दूधदुभतं सोडलं, तर भांडारपालाला तीन गोष्टी मिळणार होत्या: मुख्य भांडारपालाची खुर्ची, त्या खुर्चीमागची खिडकी आणि त्याच खुर्चीवर डोळा ठेवून असलेल्या, पलीकडच्या टेबलावरच्या काडीपैलवानाचा पडलेला चेहरा. बावीस वर्षं तो कारखान्याच्या तळघरात नट-बोल्ट मोजत होता. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्याला माल उतरवणाऱ्यांच्या टोप्यांवरून कळायचं. आता वरच्या मजल्यावरची खुर्ची रिकामी होणार होती, ज्येष्ठताही त्याचीच होती. बढतीआधीच्या तपासणीत आडवं आलं ते रक्त.

"कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठेचाळीस," कारखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोनशेच्या आत आणा, मी सही करते. तीन महिने आहेत. प्राण्यांपासूनचं खाणं सोडा, झाडापासूनचं खा."

"एकदम सोडू?"

"एकदम नको. हळूहळू सोडा, म्हणजे टिकेल."

हाच सल्ला दुसऱ्या कुणाला दिला असता तर त्याचं भलं झालं असतं. पण भांडारात एखादी वस्तू बंद करायची एक रीत असते. नवी मागवायची नाही, आणि जुनी शिल्लक शून्य झाल्याशिवाय तिचं पान मिटायचं नाही. दुसरी रीत भांडारपालाला ठाऊक नव्हती.

त्याच संध्याकाळी फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. पहिला पंधरवडा मांस बंद, दुसरा मासळी, तिसरा अंडी, चौथा दूध-दही, पाचवा लोणी आणि चीज. सहाव्या पंधरवड्यापुढे नुसतंच 'झाड' असं लिहिलं होतं.

"आम्हाला हे रखडणं जमायचं नाही," बायको म्हणाली. "सोडायचं तर आम्ही तिघी आजपासूनच सोडतो. तुमच्यासाठी म्हणून."

"अगं, मग फ्रिजमधलं काय?"

"द्या टाकून."

"चांगला माल टाकून द्यायचा?" भांडारपालाचा आवाज चिरकला.

"मग तुम्ही संपवा."

त्याने संपवला. चौघांचं मांस पहिल्या पंधरवड्यात त्याने एकट्याने खाल्लं आणि शेवटच्या दिवशी तक्त्यावर समाधानाने फुली मारली. मग मासळी. मग अंड्यांचा तीसचा ट्रे, त्याला मुदतीत बसवायला सकाळ-संध्याकाळ एकेक अंडं लागलं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बायको, मुलगी आणि सासूबाई उकडलेला कोबी खात होत्या.

"जावईबापू," लोण्यात परतलेल्या अंड्याकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या त्यागाला वास मात्र छान येतो हं."

"तुम्हाला दिसतं ते खाणं, आई. मी खरं तर सोडतोय."

सासूबाईंनी कोबी चावता चावता या वाक्याचा बराच विचार केला. हाती काही लागलं नाही.

कोबीला पर्याय शोधायला भांडारपाल कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. आसपास दुकान तेवढं एकच.

"झाडापासूनचं?" दुकानदारबाईंनी मागे वळून पाहिलं. "कोबी आहे. बटाटे आहेत. वाटाणे होते परवापर्यंत."

"सोयाबीनचं दूध वगैरे?"

"मागवते की. पण दादा, थंड कप्पा माझ्याकडे एकच. त्यात चीज पडलंय. ते हाललं की लगेच मागवते."

जगात दुसऱ्या कुणाला ही अडचण एवढी पटली नसती. जुना माल हालल्याशिवाय नव्याला जागा नाही, हे तर तो बावीस वर्षं सगळ्यांना ओरडून सांगत होता.

"किती डबे आहेत?"

"चौदा."

"द्या."

घरी चौदा डबे बघून मुलीने कपाळाला हात लावला. "बाबा, आपण हे सोडतोय ना?"

"म्हणून तर आणलं! हे संपल्याशिवाय सोयाबीन येणार कसं?"

चौदा डबे दहा दिवसांत संपले. भांडारपाल उत्साहाने दुकानात गेला, तर कप्पा पुन्हा काठोकाठ.

"अहो, काय सांगू," दुकानदारबाई म्हणाल्या, "चीज एवढं उठतंय म्हटल्यावर कंपनीच्या माणसाने न विचारताच वीस डबे टाकले. शिवाय लोणी. आमच्याकडे हल्ली फार खपतं म्हणे."

भांडारपाल कप्प्यासमोर उभा राहिला. कुठेतरी काहीतरी चुकत होतं, एवढं त्याला जाणवलं. पण एकेक पायरी तपासली तर प्रत्येक बरोबर होती. त्याने पिशव्या उघडल्या.

"सगळं द्या. आणि त्या माणसाला सांगा, बास."

शेवटच्या पंधरवड्यात तो जिने चढताना मध्येच थांबून दम खाऊ लागला. बायकोला तो म्हणाला, शरीर बदल स्वीकारतंय. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने शेवटचा डबा पुसून घेतला, तक्त्यावर शेवटची फुली मारली आणि दुकानदारबाईंना जाऊन सांगितलं, "झाला कप्पा रिकामा. मागवा आता."

तपासणी सहकुटुंब होती. डॉक्टरीणबाईंनी आधी सासूबाईंना शाबासकी दिली, मग बायकोला, मग मुलीला. भांडारपालाच्या कागदापाशी त्या थांबल्या आणि वरचं नाव पुन्हा वाचलं.

"तीनशे बारा."

"शक्यच नाही. बाई, मी सगळं सोडलं. एकेक करून. घरात एक अंडं शिल्लक नाही, वाटलं तर येऊन बघा!"

"गेलं कुठे मग ते?"

भांडारपाल गोंधळून बायकोकडे बघू लागला.

"माल संपला नाही हो," बायको हळूच म्हणाली. "नुसतं गोदाम बदललं."

घरी परतताना दुकानदारबाईंनी हाक मारली. "दादा! तुमच्या शब्दावर मागवलंय बरं का. अठ्ठेचाळीस बाटल्या. महिन्याभराची मुदत आहे, दुसरं कुणी घेत नाही इथे."

बाटल्या ओट्यावर रचेपर्यंत तिघींचं आपसात ठरलं होतं. "आमचं झालं तुमच्यासाठी करून," बायको म्हणाली. "तीन महिने कोबी! उद्यापासून आम्ही पूर्वीसारखं खाणार."

"आणि हे? हे सोयाबीन? हा उरलेला कोबी?"

"चांगला माल टाकायचा नाही, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या आणि मासळी आणायला पिशवी शोधू लागल्या.

पुढच्या तपासणीत भांडारपालाचा आकडा एकशे ब्याण्णव आला. डॉक्टरीणबाईंनी आनंदाने सही केली. तोवर वरच्या खिडकीतून काडीपैलवान, रोज चार अंडी खाणारा, तीन महिने ऊन-पाऊस बघत होता. कोबीच्या त्या तीन महिन्यांनी सासूबाईंचे गुडघे दुखायचे थांबले होते, बायकोला जुने कपडे पुन्हा होऊ लागले होते, आणि दुकानदारबाईंचा कप्पा दोनदा मोकळा होऊन तिसऱ्यांदा चीजने भरला होता. ज्याच्या नावाने हे सगळं झालं, तो तळघरात, माल उतरवणाऱ्यांच्या टोप्यांकडे नजर ठेवून, डब्यातला कोबी खात होता. अजून दोन गड्डे शिल्लक होते.