अक्कांचा नंबर

नाना डब्यांशी बोलतात, मोबाईलमध्ये बघत. "काय रे सात-बी, बठ्ठं ठीक शे ना?" त्यांच्या अहिराणीत म्हणजे, सगळं ठीक आहे ना. पहिल्या दिवशी हे ऐकून मी हादरलो.

जळगावच्या एमआयडीसीत आम्ही शेतातली मोटार मोबाईलवरून चालवणारे डबे बनवतो. प्रत्येक डब्याला नेटवर्कवर ओळखीचा वेगळा पत्ता लागतो. बारा अक्षरी, ओळीने पुढचा; बोलताना आम्ही शेवटची दोनच म्हणतो. तो देणारा प्रोग्राम नानांचा. तो एक पत्ता काढायचा, मग पहिल्यापासूनचे सगळे पुन्हा तपासायचा. हजार डब्यांना दोन चहा लागत.

"मागे देखल्याशिवाय पुढे जायचं नाही," नाना म्हणत.

मला साहेबांनी तो वेगवान करायला सांगितला. मागच्यात एक मिळवा, झाला पुढचा! तपासणी उडवली, काम डोळ्याची पापणी लवेपर्यंत पूर्ण. मग एक ओळ दिसली: सात-बी वगळा. रांगेत वशिला? ज्याच्याविरुद्ध कॉलेजात पुढारी म्हणून मी पत्रकं वाटली, तो प्रोग्राममध्ये? तीही खोडली. नानांना विचारलंसुद्धा नाही.

दुपारी नाना मोबाईल बघून पांढरे पडले. "अक्काले काही तरी व्हयनं! तिची मोटार चालू, बंद, चालू, बंद!"

"बहिणीला फोन लावा ना, नाना!"

"सहा वर्षं बोलत नाही ती."

स्कूटर काढून ते एरंडोलला सुटले. आणि चाचणीच्या टेबलावर माझा नवा डबा चालू-बंद होत होता. पत्ता: सात-बी.

साहेबांनी मला सगळं सांगितलं. पूर्वी दोन डब्यांना एकच पत्ता गेला होता. एकाने बटण दाबलं की दुसऱ्याच्या विहिरीवरची मोटार सुरू. ते निस्तरताना नानांचं भाचीच्या लग्नाला जाणं हुकलं. मामाशिवाय नवरी मांडवात आली. अक्कांनी बोलणं सोडलं. नानांनी भाच्याच्या हाती एक डबा पाठवला, रांगेतला खूप पुढचा नंबर अक्कांसाठी राखून. रोज सकाळी सहाला मोबाईलवर मोटार सुरू दिसली, की नानांना कळायचं, बहीण उठली.

दुसऱ्या दिवशी नाना आले. मी गुन्हा कबूल केला.

"पुढारी, मागे देखत जा," एवढंच म्हणाले.

"अक्का काय म्हणाल्या?"

"म्हणे, मोटार ठीक शे, तू कशाले उना? मी सांगितलं, तुझी मोटार मी रोज देखतो. तिने भाकर वाढली."

मी ती ओळ परत घातली. तपासणीही.

आज सकाळी नानांनी मोबाईल पुढे केला. सहाला अक्कांची मोटार चालू. लगेच बंद. पुन्हा चालू.

"नाना, पुन्हा बिघाड?"

"नाही रे, अक्काच मुद्दाम बटण दाबते," नाना स्क्रीन पुसत म्हणाले, "बठ्ठं ठीक शे."