बाबांचा उजवा पाय

मुलगी अठराची झाली आणि गाडी शिकवायला घरचाच मास्तर आहे, म्हणून सगळ्यांनी तिला नशीबवान ठरवलं. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. साठीचे गृहस्थ शिकायला आले की बाबांचा पाय निवांत असे. एखादं कोवळं पोर बसलं की मात्र तो आपोआप ब्रेकवर जाई. या वयाची पोरं रस्ता मोकळा दिसला की चेकाळतात, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. पोटच्या पोरीच्या वेळी तर पाय जरा जास्तच मन लावून दाबला जाई आणि याचा पत्ता खुद्द बाबांनाच नव्हता.

त्यामुळे मुलीने क्लच सोडला रे सोडला, की गाडी गचका खाऊन बंद.

"लक्ष कुठंय तुझं?"

"समोरच आहे, बाबा."

"मोबाईल बघत जागत बसतेस, दुसरं काय!"

मोबाईल बाबांच्या कपाटात गेला. तरी गाडी बंदच. मग जाड तळव्याचे बूट गेले, मैत्रिणींकडे जाणं गेलं. गाडी आपली बंदच. चौकात मागच्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. "ओ मास्तर, कॉलेजची पोरगी ना? यांचं चित्तच थाऱ्यावर नसतं!" बाबांना राग आला, पण पटलंही.

परीक्षेच्या सकाळी मुलगी शांतपणे म्हणाली, "आज नापास झाले तर परत स्टिअरिंगला हात लावणार नाही. मला जमतच नाही." "जमेल गं," बाबा म्हणाले, पण आवाजात काही दम नव्हता.

परीक्षक बाईंनी त्यांना मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसल्या. मुलीने क्लच सोडला. बाबांनी सवयीने पाय दाबला, पण पायाखाली नुसती चटई होती. गाडी अलगद निघाली. प्रत्येक वळणावर बाबा जीव खाऊन चटई दाबत होते. शेवटी चढावर पोटरीत असा काही गोळा आला, की ते किंचाळलेच.

मुलीने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि मग मागे वळली. "काय झालं बाबा?"

"अचानक अडचण आली तर काय करते, तेही बघून झालं," बाई म्हणाल्या. "पास! पण गाडी सारखी बंद पडते, असं मघाशी सांगत होते ना हे?"

"पडायची. आज मी वेगळं काहीच केलं नाही." बोलता बोलता मुलीची नजर बाईंच्या पुढ्यातल्या ब्रेकवर गेली. मग ती बाबांकडे वळली. बाबा उजवी पोटरी चोळत होते. चोळता चोळता थांबले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं," बाई उतरल्यावर ते म्हणाले. "मोबाईल घरी गेल्या गेल्या देतो."

मुलीने पुढचं दार उघडलं. "या पुढे."

"नको गं, मी मागेच बरा."

"या हो बाबा. फक्त मांडी घालून बसा."