म्हाळोजीरावांना उशिरा श्रद्धांजली

"वीस मानसं," हौसराव म्हणाले. "पयल्या पायरीपासनं शेवटच्या दगडापातुर वीस मानसं तुझ्या मागं चालली, तर तू गाईड. एकोनीस झाली, तर सोमवारी शिक्रापूर."

महेंद्रनं आजोबांपुढं मान हलवली. शिक्रापूरच्या एका कंपनीत तो खोक्यांना पट्ट्या मारायचा. दिवसाला आठशे खोकी. आठशेव्या खोक्याला त्याला नेहमी वाटायचं की आपण इतिहासासाठी जन्मलो आहोत. म्हणून रजा टाकून तो खडकघाटला, आपल्या गावी आला होता. गावाला भीमेवर जुना दगडी घाट होता. त्यावर दोन देवळं, एक दीपमाळ आणि भरपूर शेवाळ. हे सगळं (शेवाळ सोडून) म्हाळोजीराव नावाच्या सरदारानं अडीचशे वर्षांपूर्वी बांधलं होतं. महेंद्रनं त्यावर सात थांब्यांचा हेरिटेज वॉक बसवला होता.

"पर लोकं वाकतील कशापायी?" हौसरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"वाकायचं न्हाई आबा. वॉक. चालायचं."

"चालत तर म्हशीबी जात्यात नदीवर. त्यांच्यापुढं कुनी माईक धरत न्हाई."

रविवारी सकाळी आठ वाजता पुण्याहून पाच जण आले. त्यांची म्होरकी समृद्धी नावाची मुलगी होती. तिच्याकडे वही होती आणि ती सगळं लिहून घेत होती, गाडी कुठं लावली तेसुद्धा. ऊन लागू नये म्हणून महेंद्रनं पाचही जणांना पांढऱ्या टोप्या दिल्या. चुलतभावाच्या लग्नात उरल्या होत्या. मंडपवाल्यानं चाकांचा स्पीकर आणून दिला आणि हात रिकामे राहवेनात म्हणून पहिल्या पायरीमागे पांढरा पडदा बांधला, पुढे दोन कुंड्या मांडल्या, आवाज तपासायला टाळमृदंगाचं भजन लावलं. मग तो निघून गेला. त्याला दुसरीकडेही काम होतं.

ते दुसरीकडचं काम म्हणजे गेणबा आप्पांची दशक्रिया. नदीच्या वळणापलीकडे, बाभळींच्या आड, सिमेंटचा नवा घाट होता. गावातले दहावे हल्ली तिथंच व्हायचे. पण बाहेरगावी गेलेल्या निरोपात फक्त 'भीमातीर, खडकघाट, सकाळी आठ' एवढंच होतं. बाहेरगावचा माणूस दशक्रियेला पत्ता विचारत नाही. तो भजनाच्या आवाजाकडे गाडी वळवतो.

महेंद्रनं माईक हातात घेतला. "ज्यांच्या पुण्याईनं आज आपण या घाटावर जमलो आहोत, ते म्हाळोजीराव आज आपल्यात नाहीत."

मागच्या पायरीवर एका बाईनं डोळ्याला पदर लावला. महेंद्रला बरं वाटलं. त्यानं केलेल्या गाईडच्या कोर्समध्ये सांगितलं होतं की श्रोत्याच्या काळजाला हात घाला, पण पहिल्याच वाक्याला इतका आत जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं की ही बाई पाचांतली नाही. तिच्या मागे बसलेले चाळीस जणही पाचांतले नाहीत.

कठड्यावर बसून हौसराव बोटांच्या पेरांवर मोजत होते. त्यांची पेरं संपली आणि ते पुन्हा अंगठ्यापासून सुरू झाले.

"गेनबाला म्हाळोजी पन म्हनायचे व्हय?" त्या चाळिसांतल्या एका गांधीटोपीनं शेजारच्या गांधीटोपीला विचारलं.

"कागदावरचं नाव आसंल."

दुसऱ्या थांब्यावर, दीपमाळेखाली, एक म्हातारबा महेंद्रच्या कानाशी आले. "पोरा, पिंड कवा ठिवायचं?"

तेव्हा महेंद्रला सगळं कळलं. त्याला सोमवार दिसला. खोकी दिसली. त्यानं एकदा माणसांकडे पाहिलं, एकदा आबांच्या पेरांकडे पाहिलं आणि मन घट्ट केलं.

"शेवटच्या थांब्यावर," तो म्हणाला. "तवर सगळ्यांनी मागं मागं यायचं."

सगळे मागं मागं आले. तिसऱ्या थांब्याला शंभर झाले. तेवढ्यात पांढरी गाडी आली आणि तिच्यातून माजी सभापती उतरले. सकाळपासूनचा त्यांचा हा तिसरा दहावा होता. ते थेट माईकपाशी आले आणि ओठ न हलवता म्हणाले, "नाव?"

"म्हाळोजीराव. पर साहेब, त्यांना जाऊन..."

"कळलं." सभापतींनी माईक घेतला. "म्हाळोजीराव गेले, यावर माझा आजून इस्वास बसत न्हाई. परवाच चौफुल्याला भेटले. मी म्हनलं, तब्येत उतरली तुमची. तर म्हनले, माझं जाऊ द्या, घाटाचं बघा. शेवटपातुर त्यांना ह्या घाटाची काळजी. सोसायटीच्या इलेक्शनला त्यांनी मला लई मदत केली."

समृद्धी लिहिता लिहिता थांबली. "कुठल्या सोसायटीची? हे फार महत्त्वाचं आहे."

"विकास सोसायटी," सभापती म्हणाले आणि दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. एकशेचाळीस माणसं त्यांच्याबरोबर स्तब्ध उभी राहिली. म्हाळोजीरावांसाठी इतकी माणसं एकदम गप्प बसण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी.

चौथ्या थांब्यावर वळणाकडून एक ताजं भादरलेलं डोकं धावत आलं. ओल्या पंच्यातला हा माणूस गेणबा आप्पांचा मुलगा म्हस्कू. तिकडे त्याच्याजवळ भटजी, न्हावी आणि चार मेहुणे एवढेच होते आणि मेहुण्यांतला एक फोनवर होता.

"माझा बाप तिकडं हाय," म्हस्कू धापा टाकत म्हणाला. "तुमी समदी हितं कुनाला रडताय?"

सगळ्यांनी महेंद्रकडे पाहिलं.

"म्हाळोजीरावांना," महेंद्र म्हणाला. "सरदार व्हते."

"गेले कवा?"

"अडीचशे वर्सं झाली."

सभापतींनी घड्याळ पाहिलं. "मानूस मातर चांगला व्हता," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

म्हस्कू रागावला नाही. रागवायला त्याला वेळ नव्हता. त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि आपल्या घाटाकडे वळवलं. पाच नव्या टोप्या दिसल्यावर त्यांनाही म्हणाला, "पाव्हनं, आलाच हाय तर आमटी-भात खाऊनच जा. बुंदी हाय." पाचही जण गेले. समृद्धीनं जाताना वहीत 'बुंदी' लिहिलं.

घाटावर महेंद्र, स्पीकर आणि हौसराव उरले.

"चला आबा," महेंद्र म्हणाला. "तीन थांबे राह्यलेत."

"आता हाय कोन?"

"तुमी हाय."

"मी मोजनारा. मला धरायचं न्हाई."

महेंद्रनं स्पीकर ओढायला सुरुवात केली. पाचव्या थांब्यावर तो दोन कुत्र्यांशी बोलला. सहाव्यावर एकाशी. सातव्या थांब्यावर, शेवटच्या दगडापाशी, तो नदीकडे तोंड करून म्हणाला, "या दगडातली ही लोखंडी कडी म्हाळोजीरावांनी आपली नाव बांधण्यासाठी बसवली."

"खोटं," मागून आवाज आला.

महेंद्रनं माईक खाली केला. बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"नाव कसली," हौसराव जवळ येत म्हणाले. "ही कडी तुझ्या पनज्यानं रेडा बांधाय ठोकली. त्याच्या आदी रेडा जुन्या कडीसकट पुरात गेला आन् पल्याड निघाला. पल्याडची लोकं म्हनली, नदीनं दिलाय, आमी परत देनार न्हाई. मंग पंचायत बसली. रेड्याला मधी उभा केला आन् दोन्ही काठावनं दोघांनी हाका मारायच्या, असं ठरलं."

"मंग?"

"रेडा बहिरा व्हता. त्यो झोपला. पंचायत तीन दिस चालली."

वळणापलीकडच्या नव्या घाटावर हे सगळं स्वच्छ ऐकू जात होतं. पंगतीत वाढप्याचा हात थांबला. गेणबा आप्पांचं सगळं रीतसर पार पडलं होतं, त्यामुळे उठायला कुणाची हरकत नव्हती. हौसरावांनी रेड्याचा निकाल सांगितला तेव्हा मागे पायऱ्यांवर माणसं उभी होती. काहींच्या ओंजळीत बुंदी होती. डोईवर पदर घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "आन् ही दीपमाळ वाकडी कशी वो झाली?"

"ते चला, दावतो," हौसराव म्हणाले.

शेवटच्या दगडापासून पहिल्या पायरीपर्यंत दीड तास लागला. महेंद्र मागे राहून मोजत होता. त्र्याऐंशी. त्यात म्हस्कू आणि चारही मेहुणे होते.

"आबा, त्र्याऐंशी," तो पांढऱ्या पडद्यापाशी येऊन म्हणाला. "वीस म्हनला व्हता."

हौसरावांनी स्पीकरच्या कडेवर बूड टेकलं आणि शांतपणे विचार केला. "पयल्या पायरीपासनं शेवटच्या दगडापातुर म्हनलो व्हतो. ही उलटी आली. आन् तुझ्या मागं म्हनलो व्हतो. ही माझ्या मागं आली."

सोमवारी महेंद्र शिक्रापूरला गेला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आबांचा फोन आला. आबा स्वतःहून कधी फोन करत नसत, म्हणून महेंद्र डबा सोडून बाहेर गेला.

"रविवारी सुट्टी हाय का?" आबांनी विचारलं.

महेंद्रचा ऊर भरून आला. "हाय आबा. हाय."

"मंग ये. त्या वहीवाल्या पोरीनं चाळीस जन ठरिवलेत. मला बोलता बोलता मोजाया जमत न्हाई."