न गळणारं झाकण

धाकटीला स्थळ सांगून आलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मी जन्मभर नळ दुरुस्त केले. माझ्या हातचा सांधा गळताना कोणी दाखवावा, मिशी उतरवून देईन!

त्या वर्षी कुंडीतल्या मिरच्या इतक्या जहाल निघाल्या की नुसतं बघून नाक वाहावं. म्हटलं, यांची वाईन करू, होणाऱ्या व्याह्यांना चकित करू! धाकटीनेच मला उतारवयात वाचायला शिकवलं होतं, म्हणून कृती पुस्तकातून स्वतः वाचली. मिरच्या, साखर, यीस्ट, पाणी, सगळं प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं. शेवटी लिहिलं होतं, ‘झाकण सैल ठेवा.’ सैल? आणि मी? टेप गुंडाळली, वरून पट्टी आवळली आणि कॅन ओट्याखाली सरकवला.

लग्नाची तारीख ठरवायला व्याही आले. मी कप काढायला वाकलो, तर कॅनला नववा महिना लागलेला! आतून सूं सूं आवाज.

“अहो, चहाचं बघताय ना?” बाहेरून बायको.

“बघतोय!” झाकण फिरवलं. हलेना. पाना लावला. हलेना. काम माझंच ना ते!

तेवढ्यात व्याही आत डोकावले. या माणसाला हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं. “काही गळतंय का?”

“छे! गळत नाहीये, तीच तर पंचाईत आहे!”

“म्हणजे?” म्हणत तेही वाकले.

धाड्! कॅन बुडातून फुटला. व्याही लालेलाल! क्षणात सगळ्या घराला ठसका आणि डोळ्यांना धारा. धाकटी मिरचीने रडतेय की लग्न मोडलं म्हणून, तेही कळेना.

आवाज ऐकून शेजारीण धावत आली. सगळे रडताना बघून तीही डोळे पुसू लागली. “अगं बाई! कोण गेलं?”

“यांची अक्कल,” बायको हुंदका देत म्हणाली. “पण ती मागेच गेली होती!”

व्याह्यांच्या घशातून घर्र घर्र आवाज आला. गुदमरले! मी पाणी घेऊन धावलो, तर ते हसत होते. त्यांनी फुटका कॅन उचलून झाकण फिरवून पाहिलं. हलेना. “सांधा पक्का आहे हो! लग्न उरकलं की आमच्या मोरीचा नळ तेवढा बघा.”

लग्न झालं. तो नळ अजून गळत नाही. व्याही मात्र मागच्या हिवाळ्यात, ऐंशी ओलांडून, झोपेतच गेले. मिरचीचा त्यात काही संबंध नाही. विहीणबाई अधूनमधून माझ्याकडे तशा नजरेने बघतात, म्हणून लिहून ठेवलं.