झिबलभाऊंची भैरवी

झिबलभाऊंनी गाणं सुरू केलं की ते संपेलच याची खात्री नसे. कुठे जरा चूक झाली की पेटीवरचा हात थांबायचा आणि ते म्हणायचे, "थोडं कच्चं झालं. पयल्यापासून घेऊ." एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकंसुद्धा पहिल्यापासून घ्यायला लावली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले आणि नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून त्यांच्याकडे डोळे वटारले. त्यानंतर लाखनीत त्यांना लग्नाची आमंत्रणं आली ती फक्त जेवायची.

मग त्यांनी हमरस्त्यावरचा वृद्धाश्रम गाठला. तिथले श्रोते गाणं सोडून जाणारे नव्हते. दर रविवारी दुपारी पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून ते निघायचे आणि मागून तबला घेऊन मी. मी शाळामास्तर, पण झिबलभाऊंच्या मते तबल्यात माझी अजून बालवाडीच चालली होती. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला की ते हात थांबवून माझ्याकडे बघत. "मास्तर, ट्रक सुरात हाय. तुमीच काहून उतरून राहिले?"

आमच्याकडे भैरवी झाल्याशिवाय बैठकीतून कोणी उठत नाही आणि झिबलभाऊ आश्रमात भैरवी म्हणतच नसत. दिवेलागण होई, स्वयंपाकघरात भात गार होई, व्यवस्थापक दारात येरझाऱ्या घालत. शेवटी एका रविवारी त्यांचा संयम सुटला. "आज भैरवी झालीच पाहिजे. नाहीतर पुढच्या रविवारपासून येऊ नका."

झिबलभाऊंचं तोंड एवढंसं झालं. मी हळूच म्हटलं, "म्हणून टाका ना. येत नाही का?"

"येते ना. पन भैरवी झाली का लोकं आपापल्या घरी जातेत, मास्तर. हे लोकं कुठी जातीन?"

जुळलेला तबला मी उगाच पुन्हा ठोकत बसलो.

अखेर त्यांनी भैरवी म्हटली. एकही चूक नाही. हा माणूस इतकं सुंदर गाऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. भैरवी संपली, पण कोणी उठलं नाही. पुढ्यात बसलेल्या भागाबाई, आश्रमातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, तेवढ्या बोलल्या, "जा बावा आता. घरी वाट पाहून राहिले असतीन."

झिबलभाऊंच्या घराला कुलूप होतं. बायको वारल्यापासून ते स्वतःच लावायचे आणि स्वतःच उघडायचे. काहीतरी करायचं म्हणून मी पेटीवर खोळ घालायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि भाता पुन्हा उघडला.

"थोडं कच्चं झालं, बाई," ते भागाबाईंना म्हणाले. "पयल्यापासून घेऊ."